ठकूमावशी घाबरते का?

“थांबा. इथंच थांबा,” पाटणकर सर म्हणाले. “ठकूमावशी घाबरली? कोणी लिहिलंय हे?”

मी वाचायचं थांबवलं आणि गॅली मांडीवर ठेवली. गॅली म्हणजे छपाईआधी चुका तपासायला काढतात तो लांबलचक कागद. लोणावळ्याजवळ वलवणला सरांच्या पडवीत आम्ही चौघं बसलो होतो. सर, त्यांच्या पत्नी माई, मी, आणि माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकलेली नलिनी. कोणी लिहिलंय हे सरांना ठाऊक होतं. मघाशीच मी ओळख करून दिली होती. काचबिंदूनं सरांची नजर जवळजवळ गेली होती, त्यामुळे नलिनीचा उतरलेला चेहरा त्यांना दिसला नाही. मला दिसला.

“मी लिहिलंय, सर,” ती म्हणाली.

“मग ती दुसरी कोणीतरी आहे. माझी ठकूमावशी घाबरत नाही.”

तेव्हा मी तळेगावला एका मुलांच्या मासिकात सहसंपादक होते. आमचा प्रेस स्टेशनजवळ होता. खाली छपाई, वर माडीवर ऑफिस. मासिकाची सगळी पत ‘ध्रुवयान’ या एका मालिकेवर उभी होती. पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला त्या सुमारास पाटणकर सरांनी ती लिहायला घेतली. सर लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं यान ताऱ्यांमधून हिंडायचं. यानावर कॅप्टन होता, डॉक्टर होता, दाढीवाला गणिती होता. पण मुलांची पत्रं यायची ती ठकूमावशीच्या नावानं. ठकूमावशी मावळातली. यानाच्या काचेच्या खोलीत ती आंबेमोहोर पिकवायची. त्या रोपांमुळे यानातली हवा शुद्ध राहायची आणि सगळ्यांना दोन वेळचा भात मिळायचा. कॅप्टनला सुचेनासं झालं की ठकूमावशी कमरेला पदर खोचून पुढं व्हायची.

सरांची दृष्टी गेली आणि ‘ध्रुवयान’ थांबलं. सांगून लिहून घ्यायला ते तयार नव्हते. “मला अक्षर दिसल्याशिवाय वाक्य सुचत नाही,” म्हणायचे. वाचकांची पत्रं काही थांबेनात. पुढं माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तर पत्रांचा पूर आला. आमचे मालक-संपादक नानासाहेब म्हणाले, “मालतीबाई, नुसती ठकूमावशी उचला आणि तिची वेगळी मालिका काढा. लिहायला नवीन माणूस शोधा.”

आज याला ‘स्पिन-ऑफ’ म्हणतात. आम्हाला तो शब्द ठाऊक नव्हता. ऑफिसात आम्ही ‘फांदी’ म्हणायचो. फांदी काढायला सरांनी तोंडी होकार दिला होता, एका अटीवर. मजकूर आधी त्यांना वाचून दाखवायचा, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय छापायचा नाही. नानासाहेबांनी तसा शब्द दिला होता.

नलिनी मला पत्रांतूनच सापडली. वडगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मूळची कामशेतकडच्या एका खेड्यातली. शाळकरी वयात तिनं ‘ध्रुवयान’चे अंक वाचनालयातून नेऊन इतकी पारायणं केली होती, की यानाचा कुठला दरवाजा कुठं उघडतो हे माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ होतं. ही माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट. अशा कामात संपादकाला पहिल्यांदा मेळ तपासावा लागतो. जुन्या गोष्टीत कॅप्टनच्या डाव्या गालावर व्रण असेल, तर नव्या गोष्टीत तो उजवीकडं जाऊन चालत नाही. मुलं लगेच पकडतात. नलिनीच्या लिखाणात मेळाची एकही चूक मला सापडली नाही. मी निर्धास्त होऊन वलवणला गेले होते.

मेळ सरांनाही पटला होता. भाषेवर ते जरा अडखळले. त्यांची ठकूमावशी मधूनच एखादं ‘व्हय’ म्हणायची, बाकी बोलायची पाठ्यपुस्तकासारखं. नलिनीची ठकूमावशी थेट मावळातलं बोलायची. “चालेल,” सर म्हणाले होते. “हे माझ्यापेक्षा बरं आहे.” अडलं ते पुलापाशी.

‘ध्रुवयान’चा सगळ्यात गाजलेला भाग पुलाचा होता. दोन यानं शेजारी उभी आहेत, मधे नुसती एक लोखंडी पट्टी. खाली-वर सगळा अंधार. पलीकडच्या यानात डॉक्टर आहे आणि अलीकडं तापानं फणफणलेलं एक लहान मूल. ठकूमावशी मुलाला पाठीशी बांधते आणि त्या पट्टीवरून चालत जाते. सरांच्या गोष्टीत ती सरळ चालत जाते आणि पलीकडं पोचल्यावर म्हणते, “चला म्हटलं, आले.” शाळेच्या मैदानात मुलं हे वाक्य म्हणून दाखवायची.

नलिनीनं तोच प्रसंग ठकूमावशीच्या तोंडून पुन्हा सांगितला होता. तिची ठकूमावशी पट्टीच्या तोंडाशी बसकण मारते. तिचे पाय कापतात. तिला घर आठवतं. मग ती उठते आणि जाते. गोष्टीच्या शेवटी ती कॅप्टनला सांगते, ‘मला माझ्या गावाला सोड.’ आणि घरी येते.

“सर, माझं थोडं ऐकाल?” नलिनी म्हणाली. “मला ठकूमावशी फार आवडायची. पण तिच्यासारखं आपल्याला कधी होता येणार नाही, असंही वाटायचं. मला सगळ्याचीच भीती वाटायची. शाळेची, मास्तरांची, नदीची. तिला कधीच कशी भीती वाटत नाही? म्हणून मी…”

“म्हणून तुम्ही ती बदललीत.”

“बदलली नाही. तिला विचारलं.”

माई आत जाऊन चहा घेऊन आल्या. निघताना सर मला म्हणाले, “मालतीबाई, बाई चांगलं लिहितात. नाव बदला आणि छापा. माझी हरकत नाही. पण ही ठकूमावशी नाही.”

तळेगावला परतल्यावर नानासाहेबांना सगळं सांगितलं.

“कव्हर छापून झालंय,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“कव्हरवर ठकूमावशी आहे. नाव मोठ्या अक्षरात आहे. दिवाळी अंक आहे, मालतीबाई.”

“ते पण माहीत आहे.”

“मग ती घाबरते तो मजकूर काढून टाका. एवढं काय त्यात?”

मी नलिनीला विचारलं. शाळा सुटल्यावर ती वडगावहून मुद्दाम आली होती. आधी म्हटलं, नाव बदलू या. ती म्हणाली, “ताई, मग मी नाही लिहिणार. दुसरी कोणी मावशी मला माहीतच नाही.” मग म्हटलं, ती भीती काढू या. त्यावर ती बराच वेळ कव्हरकडं बघत राहिली. आमच्या चित्रकारानं ठकूमावशीच्या डोक्यावर काचेचं शिरस्त्राण घातलं होतं आणि आत नथही काढली होती. ती नथ बघून नलिनी हसली. मग म्हणाली, “काढा. पण खाली माझं नाव घालू नका.”

असं कोणी म्हटलं की संपादकानं काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. मी काहीच केलं नाही. तो फॉर्म, म्हणजे एकदम छापायची सोळा पानं, तसाच बांधून ठेवायला सांगितला आणि दुसरी पानं पुढं घेतली.

दोन-तीन दिवसांनी माईंचं पोस्टकार्ड आलं. ‘रविवारी त्या मुलीला घेऊन या. गॅलीही आणा. आपल्याला कार्ल्याला जायचं आहे.’ एवढंच.

आम्ही गेलो तेव्हा सर बाहेर जायचे कपडे करून बसले होते, पण तोंड रुसलेलं होतं. माईंनीच सांगितलं.

“ठकूमावशी म्हणजे ठमाबाई. आम्ही तेव्हा कार्ल्याला राहायचो. मला छातीचा आजार झाला आणि मी दवाखान्यात राहायला गेले. आमचा विजू तेव्हा जेमतेम चालायला लागलेला. डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथून ठमाबाई यायची. तिनंच त्याला सांभाळला. एकदा हे परीक्षेच्या कामाला पुण्याला गेलेले, आणि विजूला भयंकर ताप चढला. पाऊस असा की रस्ता पाण्याखाली. ठमाबाई त्याला पाठीशी बांधून रुळांवरून चालत लोणावळ्याला डॉक्टरकडं गेली. मधे ओढ्यावर रेल्वेचा पूल. त्याला कठडा नाही, काही नाही.”

“परत आल्यावर मी तिला विचारलं,” सर म्हणाले. “अगं, गेलीस कशी? तर म्हणाली, चला म्हटलं, आले. बस. एवढंच बोलली. घाबरल्याचं चिन्ह नाही. तेच मी लिहिलं. मी काही मनचं रचलेलं नाही.”

“तुम्ही तेव्हा पुण्याला होतात,” माई म्हणाल्या. “मी दवाखान्यात होते. दोघांपैकी एकानंही पूल बघितलेला नाही. जिनं ओलांडला तिलाच विचारू या.”

बसनं कार्ल्याला उतरलो. भात पोटरीला आला होता. वाडीकडं जायला बांधावरून चालावं लागतं. माई पुढं झाल्या, कारण वाट त्यांना माहीत. सरांना हात द्यायला मी वळले, तर नलिनी आधीच त्यांच्या पुढं उभी होती. “खांद्यावर हात ठेवा, सर,” ती म्हणाली. ते क्षणभर थांबले आणि हात ठेवला. “इथं दगड आहे.” “इथं पाणी आहे, पाय लांब टाका.” बांधभर ती एवढंच बोलत होती आणि ते “हं, हं” म्हणत होते. मी मागून चालत होते. यांचं भांडण आहे असं कोणाला वाटलं नसतं.

ठमाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. पन्नाशी उलटलेली, सडपातळ. सरांना असं धरून आणलेलं बघितल्यावर ती सूप टाकून उठली.

“मास्तर, डोळं गेलं व्हय तुमचं? आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई?” तिनं त्यांचा हात नलिनीच्या खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला आणि त्यांना ओट्यावर बसवलं. माईंना म्हणाली, “वैनी, तुमी लय वाळलाय.” मग पाणी आलं, गुळाचा खडा आला, विजूची चौकशी झाली. तो आता मोठा इंजिनिअर आहे हे ऐकून ती म्हणाली, “व्हणारच. लय हट्टी व्हता.”

आपल्यावर मास्तरांनी गोष्ट लिहिली आहे, हे तिनं कधीतरी ऐकलं होतं. काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं. मी गॅली उलगडली. आकाशातलं यान म्हणजे काय हे नलिनीनं तिला सांगितलं. ठमाबाईला सगळ्यात मजा वाटली ती आंबेमोहोराची. “वर आभाळात भात? आन् पानी कोन सोडतं?” असं विचारून ती पदर तोंडावर धरून हसली.

पुलाचा प्रसंग आला तशी ती वाल सोलायची थांबली. मी वाचत गेले. ठकूमावशी बसकण मारते. पाय कापतात. मी सरांकडं बघितलं. ते ठमाबाईच्या आवाजाकडं कान लावून होते, पण तिचा आवाजच येत नव्हता.

वाचून झालं. सरांनीच विचारलं, “ठमाबाई, असं झालं होतं का गं? तू घाबरली होतीस?”

“व्हय,” ती म्हणाली.

“पुलावर?”

“पुलाच्या अलीकडं. मी बसलेच की खाली. पाय असं लटलट कापत व्हतं. फळ्यांच्या फटीतनं तांबडं पानी दिसायचं, आन् पाठीवर पोरगं निखाऱ्यावानी तापलेलं. म्हटलं, मागं फिरावं. मंग म्हटलं, मागं फिरून कुटं जाऊ? घरात तरी कोन हाय?”

“मग मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं तुला.”

ठमाबाईनं हातातली शेंग सुपात टाकली.

“तुमचं तोंड बघवत न्हवतं, मास्तर. वैनी तितं दवाखान्यात, तुमी हितं एकलं. मी बी भ्याले म्हनून सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिशी पोराला माझ्यापाशी टाकून तुमी शाळंला गेला असता का?”

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग उरला नव्हता.

मला वाटलं, झालं, काम संपलं. पण ठमाबाई नलिनीकडं वळली.

“पोरी, तू बराबर लिवलंस. पन शेवट काय ते मला न्हाई समजलं. ती घरला जाती म्हन्तीस. का जाती?”

“तिला घराची आठवण येते, मावशी. कंटाळते ती.”

“आन् मंग त्या पोराला कोन बघतं?”

नलिनीच्या गोष्टीत मूल बरं झालं होतं, त्यामुळे तिच्या लेखी ते मिटलं होतं.

“मी बी गेले घरला,” ठमाबाई म्हणाली. “पन वैनी आल्यावर.”

माई इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. आता त्या बोलल्या, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

“मी बरी होऊन आले, तेव्हा विजू मला ओळखेना. माझ्याजवळ यायचाच नाही. ठमा, ठमा करून रडायचा. मी वाट बघत होते, की तू येशील, त्याला समजावशील. तू आलीच नाहीस. कितीतरी दिवस. मला वाटलं, आता माझी गरज नाही म्हटल्यावर हिनं पाठ फिरवली. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं, ठमाबाई.”

“आले असते तर पोरगं तुमच्याकडं आलं असतं का, वैनी?”

माई तिच्याकडं बघत राहिल्या.

“यायची मी,” ठमाबाई म्हणाली. “घरात न्हाई यायची. मागल्या बांधावर बसून ऱ्हायची. त्याचं रडनं आयकू यायचं. रोज वाटायचं, जावं, उचलावं. एक दिस रडायचा आवाजच आला न्हाई. म्हटलं, झालं आता. मंग वाडीवर आले.”

माई उठल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. त्यांनी सुपातल्या शेंगा ओढल्या आणि सोलायला लागल्या. मग ठमाबाईही सोलायला लागली. नलिनी रडत होती. मी गॅलीची घडी करत होते, आणि ती नीट बसत नव्हती.

परत येताना बांधावर सरांनी पुन्हा नलिनीच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी तेच बोलत होते.

“मी तिला एकदाही घरी पाठवलं नाही हो. इतकी वर्षं यानातच ठेवली. भात लाव, मुलं सांभाळ, पुढं हो. तिला घर असेल हे मला सुचलंच नाही.”

“सर, पण तुम्ही तिला यानात नेलीत, म्हणून तर मला भेटली,” नलिनी म्हणाली.

“हं,” सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, “ती घाबरते, ते ठेवा. शेवट मात्र बदला. घरी जाऊ द्या तिला, पण मुलाची आई आल्यावर. आणि मग ती कुठं बसते, ते लिहा.”

“आणि नाव?” मी मागून विचारलं.

“ठकूमावशीच. दुसरं काय असणार?”

नलिनीनं शेवट आमच्या ऑफिसात बसून लिहिला. मुलाची आई आल्यावर ठकूमावशी यानातून उतरून गावाला जाते खरी, पण रोज आपल्या बांधावर बसून आकाशातला तो एक फिरता ठिपका बघते. यानातून मुलाच्या रडण्याचा आवाज रेडिओवर येत असतो. एक दिवस तो येत नाही. मग ती रेडिओ बंद करून भाताला पाणी सोडायला जाते. आमचा कंपोझिटर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता थांबला आणि विचारता झाला, “बाई, हे मुलांच्या मासिकात आहे ना?” मी म्हटलं, “हो. जुळवा.”

शेवट लांबल्यामुळे एक पान वाढलं. शेवटच्या पानासाठी केलेला चित्राचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, वाया गेला, कारण त्यात ठकूमावशी यानाच्या खिडकीतून हात हलवत होती. नानासाहेब कुरकुरले. अंक दिवाळीला निघाला, पण धनत्रयोदशी उलटून गेली होती.

पत्रं आली. पुष्कळ मुलांना आवडलं नाही. ‘आमची ठकूमावशी भित्री केली’ असं एकानं लाल शाईनं लिहून पाठवलं. एका मुख्याध्यापकांनी मुलांपुढं कोणते आदर्श ठेवावेत यावर चार पानं लिहिली. नानासाहेब ती पत्रं माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता निघून जायचे. पण त्याच गठ्ठ्यात खोपोलीच्या एका मुलीचं कार्ड होतं. तिची आई आजारी होती आणि ती आजोळी राहत होती. तिनं फक्त विचारलं होतं, की ठकूमावशी पुढच्या अंकात पण असेल का? ते कार्ड मी नानासाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि मीही काही बोलले नाही.

ठकूमावशीची मालिका पुढं काही वर्षं चालली. दर महिन्याला मी गॅली घेऊन वलवणला जायची. सर दर महिन्याला काहीतरी चूक काढायचे. नलिनी निम्म्या मान्य करायची, निम्म्यांवर भांडायची. कधी कधी माई घरी नसायच्या. कुठं गेल्या म्हणून विचारलं, की सर म्हणायचे, “कार्ल्याला.”

मी संपादनाच्या कामातून आता मोकळी झाले आहे. त्यानंतर फांदीची बरीच कामं माझ्या हाताखालून गेली. कोणी जुन्या पात्रावर नवं लिहून आणलं, की मी आधी दोन प्रश्न विचारायची. मूळ लेखक हयात आहे का? आणि त्यानं ज्याच्यावरून लिहिलं, तो माणूस हयात आहे का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली, तर दोघांना मजकूर वाचून दाखवेपर्यंत कव्हर छापायला टाकायचं नाही.